गरोदरपणात बीपी आधी उतरतो, मग चढतो, असं का?

पाचव्या महिन्याच्या चेकअपला फाइलवर बीपी १००/६० लिहून येतो आणि घरी लगेच चर्चा सुरू होते, पोरीला कमजोरी आली, काही खात नाही, बीट द्या, खजूर द्या. तीच पोरगी आठव्या महिन्यात जाते तेव्हा १४०/९० निघतो, आणि आता घरचे म्हणतात टेन्शन घेतलं असेल, रात्री झोप नाही झाली, उतरेल आपोआप. दोन्ही वेळा अंदाज चुकतो, आणि दुसऱ्या वेळचा चुकलेला अंदाज जिवावर बेतू शकतो. मी डॉक्टर नाही, कॉलेजात बायोलॉजी शिकवते, पण नागपूरचा उन्हाळा लागला की ओळखीतल्या घरांतून हेच प्रश्न येत राहतात, तिला चक्कर आली, बीपी लो निघाला, काय करू? म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढते, की गरोदरपणात रक्तवाहिन्या कशा वागतात आणि त्यांचं वागणं बिघडलं की नेमकं काय होतं. हे एकदा समजलं ना, की फाइलवरचे आकडे आपल्यालाही वाचता येतात.

## सुरुवात भिंतीपासून

शाळेत आपण रक्तवाहिनी म्हणजे नळी एवढं शिकलो आणि तिथेच थांबलो. पण ही नळी जिवंत आहे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो, हे स्नायू आपल्या मर्जीने हलवता येत नाहीत, आणि ते पूर्ण सैल असे कधीच नसतात, आपण झोपलेलो असलो तरी थोडेसे आवळलेलेच असतात. या कायमच्या थोड्याशा आवळलेपणाला टोन म्हणतात. टोन वाढला की नळी अरुंद होते, कमी झाला की रुंद, बस.

आता यात एक गणित आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. नळीतून किती रक्त जाणार हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. म्हणजे दाब तोच ठेवला आणि नळी फक्त १० टक्के रुंद झाली तर प्रवाह जवळपास ४६ टक्के वाढतो, आणि नळी निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच शरीराला एखाद्या अवयवाकडे रक्त जास्त पाठवायचं असेल तर नवीन नळ्या टाकत बसावं लागत नाही, तिथल्या छोट्या धमन्यांचा टोन जरासा उतरवला की काम होतं.

टोन ठरवतं कोण? एक म्हणजे मज्जातंतू, घाबरलो, पटकन उभे राहिलो की ते धमन्यांना आवळायला लावतात. दुसरं म्हणजे रक्तातले पदार्थ, त्यातलं एक जोरदार नाव अँजिओटेन्सिन, हे धमनी आवळतं आणि बीपी चढवतं. आणि तिसरं म्हणजे नळीचं आतलं अस्तर, एंडोथेलियम, फक्त एका पेशीइतकं जाड. बरीच वर्षं याला कोणी फारशी किंमत देत नव्हतं, निव्वळ आतला गुळगुळीत थर समजायचे. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की धमनीच्या तुकड्यातलं हे अस्तर खरवडून काढलं तर एरवी धमनी सैल करणारं रसायन घातल्यावरही ती सैल होत नाही, म्हणजे सैल होण्याचा निरोप हे अस्तरच देत असतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे पुढे कळलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. हेच अस्तर प्रोस्टासायक्लिन नावाचा आणखी एक पदार्थ बनवतं, तोही धमनी सैल ठेवतो आणि रक्त गोठू देत नाही. हे अस्तर लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

## दिवस गेल्याचं कळेपर्यंत बदल सुरू झालेला असतो

मला वाटायचं की बाळ मोठं व्हायला लागलं की मग आईच्या शरीरात हे बदल होत असतील. तसं नसतं. सहाव्या आठवड्याच्या आसपासच, म्हणजे नाळ (इथे नाळ म्हणजे वार, प्लॅसेंटा) अजून धड तयारही नसते तेव्हाच, आईच्या धमन्यांचा टोन उतरायला लागलेला असतो. अंडाशयातून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रिलॅक्सिन ही हार्मोन्स येतात आणि ती अस्तराला जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतात. सगळ्यात आधी याचा फायदा मिळतो तो किडनीला, तिचा रक्तपुरवठा निम्म्याहून जास्त वाढतो आणि गाळण्याचं कामही साधारण ५० टक्क्यांनी वाढतं. वारंवार लघवीला जावं लागतं त्याचं एक कारण हेही आहे, सुरुवातीच्या महिन्यांत तर गर्भाशयाचा दाब अजून पडायचाच असतो.

कातडीकडचं रक्तही वाढतं. तळहात लालसर आणि गरम लागतात, नाक चोंदतं, कधी नाकातून रक्त येतं, हिरड्या सुजून ब्रश करताना रक्त दिसतं. या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मुळाशी बरंचसं एकच आहे, हार्मोन्समुळे सैल झालेल्या आणि रक्ताने भरलेल्या वाहिन्या.

## रक्त वाढतं मग दाब कमी कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि तो अगदी बरोबर प्रश्न आहे. गरोदरपणात आईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदय दर मिनिटाला जे रक्त फेकतं तेही ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी जोरात चालते. मग दाब वाढायला पाहिजे ना?

काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग डोळ्यासमोर आणा, ठिबकवर चालणारी. पंप चालू आहे, मेन लाईनमध्ये प्रेशर ठरलेलं आहे. आता मालकाने बाजूला नवीन प्लॉट लावला आणि त्याचा कॉक पूर्ण उघडला, तिकडे ड्रिपरही नाहीत, मोठ्या तोंडाचे पाइपच सोडलेत. मेन लाईनचं प्रेशर उतरणार. मालक मग मोठा पंप बसवतो, विहिरीत पाणीही वाढवून घेतो, आणि एकूण पाणी आधीपेक्षा खूप जास्त वाहायला लागतं, तरी गेजचा काटा आधीपेक्षा थोडा खालीच राहतो, कारण पाण्याला जायला वाट मोकळी झालेली आहे. आईच्या शरीरात नवीन प्लॉट म्हणजे गर्भाशय आणि नाळ, पण नुसता तो एक नाही, किडनी आणि कातडीकडचे कॉकही सोबत उघडतात.

म्हणजे क्रम लक्षात घ्या, आधी धमन्या सैल होतात, त्यामुळे दाब उतरायला लागतो, तो सावरायला किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्त वाढतं, हृदय जोरात चालतं. धमन्यांचा एकूण विरोध, म्हणजे वाहत्या रक्ताला होणारा अडथळा, साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो आणि रक्त कितीही वाढलं तरी तेवढी भरपाई पूर्ण होत नाही. म्हणून बीपी, त्यातही खालचा आकडा, ५ ते १० ने उतरतो, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळ्यात खाली असतो आणि नवव्या महिन्यापर्यंत हळूहळू आधीच्या पातळीवर येतो. पाचव्या महिन्यातला १००/६० हा बहुतेक वेळा शरीराचं काम बरोबर चालू असल्याची खूण असतो.

## आवळायला सांगितलं तरी धमनी ऐकत नाही

आता खरी गंमत. धमन्या सैल झाल्या एवढंच नाही, त्यांचा प्रतिसादच बदलतो. गरोदर बाईच्या रक्तात अँजिओटेन्सिन उलट जास्त असतं, धमन्यांना आवळायला सांगणाऱ्या मज्जातंतूंची हालचाल मोजली तर तीही नॉर्मल गरोदरपणात वाढलेली सापडते, म्हणजे आवळायचा हुकूम दोन्हीकडून जोरात सुटतो, आणि तरीही बीपी खाली. धमनी ते ऐकूनच घेत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेत डॅलसला नॉर्मन गँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. पहिलटकरणींना सलाइनमधून अँजिओटेन्सिन देऊन पाहायचं की खालचा बीपी २० ने चढायला किती डोस लागतो. निरोगी गरोदर बायकांना साधारण दुप्पट डोस लागत होता. पण ज्यांना पुढे जाऊन बीपीचा आजार झाला, त्यांच्यात हे न ऐकणं आजार दिसायच्या कित्येक आठवडे आधीपासूनच कमी व्हायला लागलं होतं, बीपी नॉर्मल, लघवी नॉर्मल, अंगावर काही नाही, आणि धमनी मात्र परत हुकूम ऐकायला लागलेली. मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण याचा अर्थ असा की आठव्या महिन्यात जो बीपी "अचानक" वाढतो तो अचानक नसतोच.

दुसरी एक तपासणी आहे, यात टोचाटोची नाही. हातावर बीपीचा पट्टा पाच मिनिटं घट्ट फुगवून ठेवतात, मग सोडतात, रक्त जोरात धावतं आणि सोनोग्राफीवर बघतात की दंडाची धमनी किती रुंद झाली. अस्तर तब्येतीत असेल तर ते धावत्या रक्ताचा रेटा ओळखतं, नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी मोकळी करतं. साध्या गरोदरपणात हा प्रतिसाद चांगलाच असतो, बऱ्याच अभ्यासांत तर वाढलेला दिसतो, आणि प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे वर सांगितलेला गरोदरपणातला बीपीचा आजार, झालेल्या बायकांमध्ये तो कमी सापडतो. ही रोजची तपासणी नाही, संशोधनातली आहे, पण बिघाड अस्तरात असतो हे यातून डोळ्यांनी दिसतं.

## गर्भाशयात मात्र नळ्याच नव्याने घडवल्या जातात

बाकी शरीरात टोन उतरतो. गर्भाशयात त्याच्या पुढचं काहीतरी होतं. गरोदर नसताना गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलीलीटरच्या आसपास रक्त जातं, दिवस भरताना हेच ५०० ते ७५० पर्यंत पोचतं. एवढी वाढ नुसती धमनी सैल करून झाली नसती.

होतं असं की गर्भाशयाच्या आतल्या थरात शेवटच्या ज्या छोट्या, वळणावळणाच्या धमन्या असतात त्यांना स्पायरल धमन्या म्हणतात. बाळाकडच्या, म्हणजे नाळेच्या पेशी या धमन्यांमध्ये शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू हटवतात आणि स्वतः तिथे बसतात. स्नायूच नाही म्हटल्यावर आवळणार काय? तोंडाशी रुंद, ढिली, कायम उघडी वाट तयार होते, आई घाबरली, धावली, तापली तरी त्या टोकाशी धमनी आवळली जात नाही आणि रक्त नाळेपाशी जोराने न आदळता शांतपणे पोचतं. हे काम साधारण पाचव्या महिन्यापर्यंत उरकतं. आईच्या शरीरात बाळाच्या पेशी जाऊन आईचीच धमनी बदलतात आणि आईचं शरीर ते होऊ देतं, वर्गात शिकवताना मी दर वर्षी इथे थोडा वेळ थांबते, कारण याच्याइतकं विलक्षण मला अख्ख्या अभ्यासक्रमात दुसरं काही वाटत नाही.

## मग लो बीपीची काळजी करायचीच नाही का?

आकड्याची नाही, त्रासाची करायची. ९०/६० असूनही बाई ठणठणीत असेल, बाळाची वाढ बरोबर असेल, तर औषध लागत नाही. पण सैल धमन्यांचा एक तोटा आहे, उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरतं आणि एरवी ज्या झपाट्याने धमन्या आवळून ते वर ढकलतात तो झपाटा आता नसतो, म्हणून डोळ्यापुढे अंधारी येते. त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, नवतपा चालू, अंग थंड ठेवायला कातडीतल्या वाहिन्या आणखी उघडतात, घामाने पाणी जातं, आणि अशात ती सीताबर्डीत खरेदीला किंवा कुठल्या लायनीत अर्धा तास उभी राहिली तर चक्कर येणारच, यात कमजोरी कुठे आली? सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बाहेर पडणं, पाणी-ताक-पन्हं घेत राहणं, एका जागी उभं राहावं लागलं तर पायांची हालचाल करत राहणं, अंथरुणातून आधी बसून मग उठणं, एवढ्याने बऱ्याच जणींचं भागतं. खरंच बेशुद्ध पडली, छातीत धडधड थांबत नसेल, रक्तस्राव असेल, उलट्यांनी पाणी टिकत नसेल, तर मात्र थेट दवाखाना.

आणखी एक कारण पाठीवर झोपण्याचं. पाच महिन्यांनंतर उताणं झोपलं की जड गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबतं, पायाकडचं रक्त हृदयाकडे परतत नाही, घाम फुटतो, मळमळतं, घाबरल्यासारखं होतं. कुशीवर वळलं की मिनिटभरात बरं वाटतं. डावी कूस त्यातल्या त्यात चांगली, पण उजवीवर झोपली म्हणून काही बिघडत नाही, रात्रभर त्याचीच धास्ती घेऊन जागं राहू नका.

आणि हिमोग्लोबिन. रक्ताचा पातळ भाग जितका वाढतो तितक्या लाल पेशी वाढत नाहीत म्हणून आकडा थोडा उतरतो, पण म्हणून सगळंच नॉर्मल म्हणून सोडायचं नाही, पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली आणि मधल्या तिमाहीत १०.५ च्या खाली गेलं तर तो ॲनिमियाच, लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. लो बीपी आणि कमी हिमोग्लोबिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे दोन्हीला मिळून कमजोरी म्हणतात तिथे गोंधळ होतो. बिटाचा रस प्यायला हरकत नाही, पण त्याने लोहाच्या गोळीचं काम होत नाही.

## बिघडतं तेव्हा

काही गरोदरपणांत, जगभरात १०० पैकी साधारण २ ते ८, हा आजार होतो, त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. पाच महिन्यांनंतर नव्याने वाढलेला बीपी, कमीत कमी चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त, आणि सोबत लघवीतून प्रोटीन जाणं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट, मेंदू यांच्यावर परिणाम. झटके आले की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. आशिया आणि आफ्रिकेत बाळंतपणाशी जोडलेल्या मृत्यूंपैकी जवळपास दहावा हिस्सा गरोदरपणातल्या बीपीच्या आजारांमुळे होतो, त्यातले बहुतेक टाळता येण्यासारखे असतात, आणि मी हे सगळं इतकं लांबवून सांगतेय ते एवढ्यासाठीच.

आत काय होतं? विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात त्या स्पायरल धमन्यांचं काम अर्धवट राहतं, स्नायू तसाच उरतो, वाट अरुंद राहते, नाळेला रक्त कमी आणि धक्क्याधक्क्याने मिळतं. त्रासलेली नाळ मग आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. २००३ मध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने त्यातला एक मुख्य पदार्थ दाखवला, नाव एसएफएलटी-वन. अस्तराला तब्येतीत ठेवणारे जे पोषक पदार्थ रक्तात फिरत असतात त्यांना हा धरून ठेवतो, अस्तरापर्यंत पोचूच देत नाही. अस्तर उपाशी पडतं, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन घटतं, धमन्या परत आवळायचा हुकूम ऐकायला लागतात, बीपी चढतो. किडनीतलं अस्तर सुजलं की प्रोटीन गळतं, लिव्हरकडे गेलं की उजव्या बरगडीखाली दुखतं, मेंदूकडे गेलं की डोकं ठणकतं, डोळ्यापुढे काजवे चमकतात. लक्षणं दहा ठिकाणी दिसतात कारण अस्तर सगळीकडे आहे.

## "पण मला तर काहीच होत नाहीये"

हेच वाक्य सगळ्यात धोक्याचं. १५०/१०० बीपी असताना बाई स्वयंपाक करते, ऑफिसला जाते, तिला काही जाणवत नाही. म्हणून मोजणं हाच उपाय, आणि मोजणंही नीट हवं. जिना चढून आल्या आल्या नाही, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, बोलायचं नाही, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागायचा, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचा बीपी घेतला तर तो खोटा कमी येतो कारण हात हृदयाच्या वर असतो. टेन्शनने वाढला असं वाटत असेल तर बसून परत मोजा, पण "टेन्शन असेल" म्हणून घरी जाऊ नका. १६०/११० दिसला तर वाट बघण्याचा विषयच नाही, त्याच वेळी ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावायचा किंवा जी गाडी असेल तिने डागा, मेयो, मेडिकल, नागपुरातलं जे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल ते गाठायचं.

इथेच पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवण्याचं महत्त्व कळतं. समजा एखादीला आधीपासूनच बीपी आहे पण कधी मोजलाच नाही, आणि ती पहिल्यांदा पाचव्या महिन्यात चेकअपला आली, तर तेव्हा धमन्या सगळ्यात सैल असतात, आकडा नॉर्मल दिसतो, आणि आठव्यात वाढला की कळत नाही की हा जुना बीपी वर आला की नवीन आजार. बाराव्या आठवड्याच्या आतला एक आकडा फाइलवर असला तर पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात. खर्चाची अडचण असेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत फुकट तपासणी होते, २०१६ पासून चालू आहे, आपल्या आशाताईंना विचारा.

## सूज, मीठ आणि डॉप्लर

पायावरची सूज बहुतेकींना येते, वाढलेलं पाणी आणि शिरांवरचा दाब, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. चेहरा आणि हात अचानक सुजले, अंगठी निघेना, तर बीपी मोजून घ्या. मीठ बंद करून प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही, आता तुम्ही पाहिलंच की वाढलेलं रक्त शरीराला हवं असतं, तेव्हा नेहमीचं जेवण नेहमीच्या मिठाचं ठेवा, लोणचं-पापडाचा अतिरेक नको इतकंच. कॅल्शियम मात्र खरंच कामाचं आहे, ज्यांच्या जेवणात ते कमी असतं त्यांच्यात धोका कमी होतो, आणि आपल्याकडे दुसऱ्या तिमाहीपासून ५०० मिलीग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असं सरकारी धोरणच आहे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, वेळ वेगळी ठेवा.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या धमनीचा डॉप्लर करतात, म्हणजे तिथून रक्त कसं वाहतंय ते मोजतात, तेव्हा तिथला विरोध किती आहे हे बघतात. विरोध जास्त म्हणजे धोका जास्त, आजार झालाच असं नाही. आणि डॉप्लर चांगला आला म्हणून पुढचे चेकअप सोडायचे नाहीत.

## ॲस्पिरीन तर रक्त पातळ करते, मग ती का देतात?

चिठ्ठीवर ॲस्पिरीन दिसली की घरात घाबराट होते, हार्टची गोळी पोटुशीला? कमी डोसमध्ये ही गोळी प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बंद पाडते, जे धमनी आवळतं आणि गाठी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं त्यामुळे ती ते परत बनवू शकत नाही, अस्तर मात्र आपलं प्रोस्टासायक्लिन परत बनवतं, म्हणून तराजू सैल राहण्याच्या बाजूला झुकतो. २०१७ मध्ये आलेल्या ॲस्प्रे नावाच्या चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलीग्रॅम दिली, आणि दिवस भरण्याआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पण ती लवकर सुरू करावी लागते, सोळाव्या आठवड्याच्या आत, आठव्या महिन्यात बीपी वाढल्यावर सुरू करून उपयोग नाही. कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात: मागच्या वेळी हा आजार झाला होता, जुना बीपी, शुगर, किडनीचा त्रास, जुळी, किंवा पहिलटकरीण असून सोबत लठ्ठपणा, ३५ च्या वरचं वय, आई-बहिणीला झालेला, असं काही असेल तर स्वतःहून विचारा. मनाने घेऊ नका, आणि दिली असेल तर शेजारणीच्या सांगण्यावरून बंदही करू नका.

जिला आधीपासून बीपीची गोळी चालू आहे तिने दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना दाखवायचं, कारण टेल्मीसार्टन, लोसार्टन किंवा एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा "सार्टन" आणि "प्रिल" नावाच्या गोळ्या याच अँजिओटेन्सिनच्या वाटेवर काम करतात आणि पोटातल्या बाळाच्या किडनीला त्यामुळे इजा होते. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा देतात, या गरोदरपणात बरीच वर्षं वापरात आहेत.

## बाळंतपण झालं की सुटलो का?

नाळ बाहेर आली की आजाराचं मूळ जातं, हे खरं. पण अस्तर एका दिवसात सावरत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी उलट सगळ्यात वर जातो, आणि नेमकं तेव्हा बाई घरी आलेली असते, बाळाचं करण्यात, पाहुण्यांत सगळे गुंतलेले, तिचं डोकं दुखतं म्हटलं की झोप होत नाही म्हणतात. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. ज्यांना आजार झाला होता त्यांनी पहिला आठवडा-दहा दिवस बीपी मोजत राहायचा, गोळी मध्येच सोडायची नाही, आणि डोकेदुखी, धूसर दिसणं, धाप लागणं, बरगडीखाली दुखणं यातलं काहीही झालं तर परत दवाखान्यात, बाळ लहान आहे म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, बीपी कायमचा जडण्याचा त्याहून जास्त. म्हणून ती बाळंतपणाची फाइल फेकू नका, वर्षातून एकदा बीपी, अधूनमधून शुगर आणि कोलेस्टेरॉल करून घ्या, आणि चाळिशीत कुठल्याही फिजिशियनकडे गेलात आणि त्यांनी जुने आजार विचारले तर "काही नाही, फक्त डिलिव्हरीच्या वेळी बीपी वाढला होता" यातलं "काही नाही, फक्त" काढून सांगा.